पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील भूक व वजन

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात भूक आणि शरीराचे वजन यांत होणारे बदल प्रथम इन्शुलिन या संप्रेरकाच्या अभावामुळे आणि उपचार सुरू झाल्यानंतर बहुतांशी त्याच्या मात्रेमुळे घडतात. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते, त्यामुळे रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागते. निरोगी माणसात भूक ही अन्नाच्या गरजेची बऱ्यापैकी विश्वसनीय खूण असते. या आजारात मात्र ती अनेकदा इन्शुलिन कमी पडल्याची किंवा जास्त झाल्याची खूण असते. म्हणूनच केवळ अन्न वाढवून वा घटवून वजन आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो आणि इन्शुलिन टाळून वजन घटवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

निदानापूर्वीची भूक व कृशता

अतितृषा, बहुमूत्रता आणि अतिक्षुधा ही मधुमेहाची तीन परंपरागत लक्षणे होत. पहिल्या प्रकारात त्यांच्या जोडीला झपाट्याने घटणारे वजन असते. मूल पूर्वीपेक्षा जास्त खाते, तरी काही आठवड्यांत त्याचे कपडे सैल होतात. मराठीत अशा स्थितीचे वर्णन करणारे ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ हे शब्द येथे जवळजवळ शब्दशः खरे ठरतात. पचन व्यवस्थित होते, अन्नातील ग्लुकोज रक्तातही येते. परंतु स्नायू व मेद यांच्या पेशींत ते पुरेसे शिरण्यासाठी इन्शुलिन लागते आणि नेमके तेच नसते.

रक्तातील ग्लुकोजची पातळी दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडे ते पूर्णपणे परत शोषू शकत नाहीत आणि ते मूत्रावाटे बाहेर पडू लागते. एक ग्रॅम ग्लुकोजमध्ये सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा असते. दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज असे वाहून गेले, तर सुमारे ४०० किलोकॅलरी, म्हणजे एका बेताच्या जेवणाइतकी ऊर्जा वाया जाते. ग्लुकोजबरोबर पाणीही जाते, म्हणून तहान लागते. सुरुवातीला घटलेल्या वजनाचा मोठा भाग पाण्याचाच असतो. पुढे इन्शुलिनअभावी मेदाचे व स्नायूंतील प्रथिनांचे विघटन अनिर्बंध चालते आणि शरीर खरोखर खंगते. मेदाचा साठा घटल्याने लेप्टिन हे तृप्तीची जाणीव देणारे संप्रेरकही कमी होते. इन्शुलिन आणि लेप्टिन या दोहोंचे संदेश मेंदूतील अधश्चेतक या भागाला मिळेनासे झाले, की तो शरीर उपाशी असल्याचे मानून भूक वाढवतो.

मुलाचे असे खाणे कधी ‘वाढीचे वय’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते, कधी जंत झाल्याचे समजून औषध दिले जाते, तर कधी ‘भस्म्या’ म्हणून थट्टेवारी नेले जाते. यात जाणारा वेळ महागात पडतो. मेदाच्या विघटनातून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साठू लागली, की चित्र उलटे होते. भूक मरते, मळमळ, उलट्या व पोटदुखी सुरू होते, श्वास खोल व जलद चालतो आणि त्याला पिकलेल्या फळासारखा वास येतो. या अवस्थेला कीटोआम्लता म्हणतात. ती पोटाच्या साध्या बिघाडासारखी भासते, पण वेळीच रुग्णालयात उपचार न झाल्यास प्राणघातक ठरते. खूप खाणारे व तरीही रोडावणारे, वारंवार लघवीला जाणारे मूल एकाएकी जेवेनासे झाले, तर ते बरे होत असल्याचे लक्षण मानू नये. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाची ग्लुकोज तपासणी येथे त्याच दिवशी आवश्यक असते.

इतिहास

कृश आणि स्थूल अशा दोन प्रकारच्या प्रमेही रुग्णांमधील भेद चरकसंहितेत आढळतो आणि त्यांपैकी कृशाचे पोषण करावे असा तिचा रोख आहे. आजच्या वर्गीकरणाशी तो भेद तंतोतंत जुळतो असे म्हणता येत नाही. तथापि वजन हे रोगाच्या स्वरूपाचे निदर्शक आहे, हे निरीक्षण जुने आहे. १८८९ साली योसेफ फॉन मेरिंग व ऑस्कर मिन्कोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो असे दाखवले आणि रोगाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध स्पष्ट झाला.

इन्शुलिन उपलब्ध होण्यापूर्वीच्या काही वर्षांत अमेरिकेतील वैद्य फ्रेडरिक ॲलन यांची अत्यल्पाहाराची पद्धत सर्वांत प्रभावी मानली जाई. मूत्रातील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि नंतर जेमतेम जगण्यापुरते अन्न द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. आयुष्य काही महिने किंवा वर्षे लांबे, पण ते अखंड भुकेचे असे. या पद्धतीची ओळखली जाणारी रुग्ण म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाल्याचे कळले. ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग यांनी तिला तपासले, तेव्हा पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरील या मुलीचे वजन अवघे २० किलोग्रॅमच्या आसपास होते. इन्शुलिन सुरू झाल्यावर तिला पोटभर जेवता येऊ लागले आणि वजन वेगाने भरून आले. ती १९८१ पर्यंत जगली. टोरांटोतच त्या वर्षीच्या जानेवारीत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. तोही तेव्हा हाडांचा सापळा झालेला होता.

उपचारानंतरची वजनवाढ

इन्शुलिन सुरू होताच मूत्रावाटे होणारी ऊर्जेची गळती थांबते आणि गेलेले वजन परत येते. हे अपेक्षित व इष्ट आहे. काहींना पहिल्या काही आठवड्यांत पायांवर थोडी सूजही येते, ती सहसा आपोआप ओसरते. भूक मात्र आजारपणातल्या सवयीने काही काळ वाढलेलीच राहू शकते. पूर्वी जेवढे अन्न खाऊनही वजन घटत होते, तेवढेच आता शरीरात साठते.

सुनियंत्रणाची ही किंमत मोठ्या प्रमाणावर मोजली गेली आहे. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या अभ्यासात रक्तशर्करेचे काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटाचे वजन पाच वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ किलोग्रॅमने अधिक वाढले. त्याच गटात, सुरुवातीला नेत्रपटलाचा विकार नसलेल्यांमध्ये तो जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. या दोन आकड्यांपैकी पहिला आरशात दिसतो, दुसरा दिसत नाही, आणि तरुण रुग्णांच्या मनात पहिलाच अधिक वजनदार ठरतो.

वजनवाढीची कारणे अनेक आहेत. इन्शुलिन मेदाचा साठा करण्यास मदत करते व त्याचे विघटन रोखते. बीटा पेशींबरोबर अमायलिन हे जठर सावकाश रिकामे करणारे व तृप्ती देणारे संप्रेरकही नाहीसे झालेले असते आणि इन्शुलिनच्या इंजेक्शनाने ते भरून निघत नाही. त्यामुळे जेवूनही समाधान न होणे ही रुग्णाची केवळ हावरट वृत्ती नव्हे.

रक्तशर्करा उतरल्यावरची भूक

इन्शुलिनची मात्रा अन्नापेक्षा वा श्रमापेक्षा जास्त झाली, की रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते. घाम, थरथर, धडधड आणि तीव्र भूक ही त्याची लक्षणे. ही भूक विचार करू देत नाही. घाबरलेला रुग्ण हाताला लागेल ते खात सुटतो आणि तासाभराने शर्करा फार वर जाते. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम शीघ्र शोषली जाणारी साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोजची भुकटी पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि पातळी अजूनही कमी असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी, अशी रूढ पद्धत आहे. पेढा, लाडू किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते, म्हणून ते या कामी योग्य नाहीत. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला ग्लुकागॉनचे इंजेक्शन किंवा तातडीचे वैद्यकीय साहाय्य लागते.

असे प्रसंग वारंवार येत असतील आणि ते टाळण्यासाठी दोन जेवणांच्या मध्ये किंवा झोपण्यापूर्वी भूक नसताना खावे लागत असेल, तर दोष आहारात नसून बहुधा मात्रेत असतो. अशा स्थितीत रुग्ण स्वतःसाठी नव्हे, तर इन्शुलिनसाठी जेवत असतो, आणि वजन वाढत राहते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी केल्यास भूक व वजन दोन्ही उतरू शकतात. व्यायामाबाबतही असेच घडते. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी २४ तासांपर्यंत टिकतो. तो आधीच लक्षात घेऊन मात्रा ठरवली नाही, तर व्यायामात खर्च झालेली ऊर्जा नंतरच्या खाण्यातून पुरती भरून येते.

इन्शुलिन टाळण्याची प्रवृत्ती

इन्शुलिन न घेतल्यास वजन घटते, हे रुग्णाला निदानाच्या वेळच्या अनुभवातूनच कळलेले असते. त्यामुळे काही रुग्ण, विशेषतः किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया, सडपातळ राहण्यासाठी जाणूनबुजून मात्रा कमी करतात किंवा चुकवतात. या वर्तनाला बोलीभाषेत ‘डायबुलिमिया’ म्हणतात. येथे घटणारे वजन म्हणजे पाणी, मेद आणि स्नायू यांची झीज असते. कीटोआम्लतेचा धोका कायम राहतो आणि डोळे, मूत्रपिंडे व चेतातंतू यांचे विकार लवकर जडतात. अमेरिकेत स्त्री रुग्णांच्या ११ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इन्शुलिन टाळणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक आढळला.

कारणाविना चढलेली सरासरी शर्करा, वारंवार रुग्णालयात जाण्याची पाळी, इतरांसमोर इंजेक्शन घेण्यास वा वजन करण्यास टाळाटाळ, आणि नोंदवहीतील संशयास्पद नीटनेटके आकडे ही त्याची चिन्हे होत. ‘जाड झालीस’ हा घरातला सहज शेरा या वयात निरुपद्रवी नसतो. रागावून किंवा पाळत ठेवून हे थांबत नाही; मधुमेहतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे एकत्रित साहाय्य लागते.

आहार व उपवास

या आजारात कोणताही एक आहार सक्तीचा नाही. जेवणातील कर्बोदके मोजून त्यांच्या प्रमाणात इन्शुलिन घेणे हे आजच्या पद्धतीचे सूत्र आहे. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरी खाल्ल्यास इन्शुलिन लागतच नाही, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. डाळी, उसळी, दही, अंडी आणि पालेभाज्या यांनी कमी कर्बोदकांत पोट भरल्याची जाणीव होते.

महाराष्ट्रातील उपवास हा विशेष काळजीचा विषय आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. बटाटा, रताळे आणि वरीचे तांदूळ यांतही कर्बोदके भरपूर असतात. त्यामुळे एकादशीच्या ताटात रोजच्या जेवणापेक्षा अधिक कर्बोदके असू शकतात. याउलट निर्जळी उपवासात शर्करा उतरण्याचा आणि निर्जलीकरणाचा धोका असतो. दोन्ही प्रसंगी, तसेच ताप वा उलट्यांमुळे जेवण बंद असतानाही, दीर्घकाळ काम करणारे पायाभूत इन्शुलिन पूर्णपणे थांबवता येत नाही. अन्न नसले तरी यकृत ग्लुकोज निर्माण करीतच असते.

इतर कारणे

भूक व वजन यांतील प्रत्येक बदल इन्शुलिनमुळेच होतो असे नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांत इतर स्वप्रतिकारक विकार अधिक आढळतात. अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यास वजन वाढते, अतिरिक्त झाल्यास भूक वाढूनही ते घटते. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा करणाऱ्या सिलिअॅक विकारात अन्न नीट शोषले जात नाही व मुलांची वाढ खुंटते. वजन व भूक दोन्ही घटत असताना इन्शुलिनची गरजही अनपेक्षितपणे कमी होऊ लागली, तर अधिवृक्क ग्रंथींच्या अकार्यक्षमतेची, म्हणजे ॲडिसन रोगाची, तपासणी करतात. दीर्घकालीन मधुमेहात जठराच्या चेता दुर्बल झाल्यास दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, आणि अन्न उशिरा पचल्याने जेवणापूर्वी घेतलेले इन्शुलिन त्याच्या आधीच काम करून जाते.

वजन घटवण्यासाठी अलीकडे वापरात आलेली औषधे इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांमुळे तर रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोआम्लता होऊ शकते. ती केवळ शर्करेच्या तपासणीत उघड होत नाही, त्यासाठी रक्तातील किंवा मूत्रातील कीटोन तपासावे लागतात.