मांडूची गोरखचिंच: स्थलांतर म्हणजे संवर्धन नव्हे

इंदूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील मांडूच्या भग्न महालांभोवती गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष उभे आहेत. मूळचा आफ्रिकेतील हा वृक्ष माळव्याच्या सुलतानांच्या काळात येथे आला, असे मानले जाते. स्थानिक लोक त्याला खुरासानी इमली म्हणतात. चिंचेशी त्याचे साम्य आहे ते केवळ गराच्या आंबटपणापुरते.

२०२२ मध्ये यांतील काही जुनी झाडे मुळासकट उपटून हैदराबादजवळच्या खासगी उद्यानात नेण्याचा घाट घातला गेला आणि ग्रामस्थ खवळले. पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

झाड तोडत नाही, हलवतो, हा युक्तिवाद वरकरणी पटतो. मात्र गोरखचिंचेचे खोड पाणी साठवणारे, मऊ असते. दुखावलेली मुळे सहज कुजतात. शिवाय तिची पांढरी फुले रात्री उमलतात, वटवाघळे परागीकरण करतात आणि त्यातून धरणारी फळे रस्त्याकडेला विकून भिल्ल कुटुंबे चार पैसे मिळवतात. उद्यानात गेलेल्या झाडाबरोबर हा व्यवहार जात नाही. बियांपासून नवी झाडे करता येतात. पण रोप फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात आणि तोवर ते गुरांपासून राखावे लागते.