थेंब बाटलीतले, गोचीड भिंतीतले

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळता चोळता हात आपसूक पुढे जातो, गळ्याच्या पोळीखाली, कानात, शेपटीच्या मुळाशी. तिथं बोटांना ते लागतात. राखाडी, टपोरे, एरंडीच्या बीएवढे फुगलेले गोचीड. सिंदी (रेल्वे) हे तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेलं गाव. इथली पोरं लाकडाचा नंदीसुद्धा जिवापाड सजवतात. अशा गावात खऱ्या जनावराचं रक्त असं शोषलं जाताना पाहवत नाही.

म्हणूनच कुणीतरी सांगतं, ‘होमिओपॅथीचे थेंब द्या, पाण्यातून किंवा ढेपीतून. विषारी नाही, दुधात उतरत नाही, खर्चही थोडा.’ ही ओढ मी हसण्यावारी नेणार नाही. कपाशीच्या या पट्ट्यात फवारणीची भीती खरी आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणी विसरलेलं नाही. तरीही कपाशीवरचंच औषध अंदाजाने पाण्यात मिसळून गाईच्या अंगावर मारणारे लोक आहेत. त्यापेक्षा थेंब बरे, हे मला मान्य आहे. पण थेंबांनी गोचीड जातात का, हा प्रश्न वेगळा.

जर्मनीच्या सॅम्युअल हानेमान यांनी 1796 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलात मिसळून हलवतात. त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत, असं तीस वेळा केलं की ‘30’ शक्तीचं औषध होतं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा हाती लागण्याची शक्यता जवळपास उरत नाही. गोचिडांवरच्या औषधासाठी काही जण गोचीडच वाटून त्याचा अर्क असा पातळ करतात. ब्राझीलमध्ये अशी औषधं जनावरांच्या मिठातून दिली जातात. जनावरांवरच्या होमिओपॅथीचे 1981 ते 2014 या काळातले प्रयोग दोन संशोधकांनी एकत्र तपासले. निम्म्याहून थोड्या अधिक प्रयोगांत गुण दिसला, बाकीच्यांत दिसला नाही. पण एकही प्रयोग तशाच परिस्थितीत पुन्हा करून पाहिलेला नव्हता. एवढ्या आधारावर मी माझी गाय सोडणार नाही.

मग ‘आमच्याकडे तर थेंबांनी गोचीड गळाले’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. गोचीड खरंच गळतात. आपल्याकडे गाईगुरांवर सर्रास आढळणाऱ्या एका जातीचं पिल्लू जनावरावर चढलं की तिथंच दोनदा कात टाकतं, मोठं होतं, आणि साधारण तीन आठवड्यांत पोटभर रक्त प्यालेली मादी आपणहून खाली पडते. तुम्ही थेंब सुरू करा किंवा करू नका, ती पडणारच. त्यात थंडी सुरू झाली की गोचीड तसेही कमी होतात. श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

पडलेली मादी मरत नाही, ती अंडी घालायला जाते. कोठ्याच्या फटीत, गव्हाणीच्या बुडाशी, ओल्या मातीत ती दोन-तीन हजार अंडी घालते आणि मगच मरते. पिल्लं निघाली की महिनोन्महिने उपाशी राहून जनावराची वाट पाहू शकतात. दुसरी एक जात तर जनावरावरून उतरून भिंतीच्या भेगांत दडते, कात टाकते आणि पुन्हा चढते. म्हणजे गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे, कोठ्यात दडलेले कितीतरी जास्त. गाईच्या पोटात गेलेला थेंब भिंतीतल्या भेगेपर्यंत कसा पोचणार?

आणखी एक घोटाळा सगळीकडे दिसतो. कडुनिंबाचा पाला आणि होमिओपॅथीची गोळी लोक एकाच ‘देशी’ पिशवीत टाकतात. पाल्यात अर्क भरपूर असतो, गोळीत तो जवळपास नसतोच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो पाठ असा: दहा लसूण पाकळ्या, मूठभर कडुनिंबाचा पाला, मूठभर निंबोळ्या, दहा ग्रॅम वेखंड, वीस ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीचा पाला, मूठभर तुळस. हे वाटून लिटरभर पाण्यात मिसळायचं, गाळायचं आणि आठवड्यातून एकदा जनावराच्या अंगाला लावायचं. कोठ्याच्या भेगांतही तेच शिंपडायचं, हे त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. गोचीड फार झाले असतील तर पशुवैद्यकाने ठरवलेलं औषध, त्याने सांगितलेल्या मात्रेतच वापरावं. वर्षानुवर्षं एकच औषध, तेही पातळ करून मारलं, तर गोचीड त्याला दाद देत नाहीत. भेगा सिमेंटने बुजवा, भिंतीला चुना द्या, नवीन जनावर आणलं तर ते किमान तीन आठवडे वेगळं बांधा.

आर्वी, आष्टी, कारंजा या भागातली आपली गवळाऊ गाय या बाबतीत नशीबवान आहे. देशी गाईंच्या कातडीवर गोचीड मुळात कमी टिकतात. संकरित जर्सी किंवा होल्स्टिनच्या अंगावर ते चटकन बळावतात, आणि त्यांनी आणलेला आजारही अशा गाईला जास्त झोंबतो. गोचीड रोग पसरवतात हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली दाखवून दिलं. तो रोग म्हणजे लाल लघवीचा, बबेसिओसिस. दुसरा थायलेरिओसिस: ताप चढतो, खांद्याच्या पुढची गाठ सुजते, गाय खाणं सोडते, डोळ्यांची आतली बाजू पांढुरकी पडते. दोन्हींवर नेमकी औषधं आहेत, आणि ती लवकर दिली तर गाय वाचते. अशा वेळी बाटलीच्या भरवशावर चार दिवस काढणं म्हणजे ते चार दिवस गमावणं. लघवी लाल दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

यंदा खांदशेकणीला बैलाच्या कानात पाहून झालं की टॉर्च घ्या आणि कोठ्याच्या भिंतीला कान लावल्यासारखे जवळ जा. गव्हाणीच्या मागे, दाव्याच्या खुंट्याशी, विटांच्या सांध्यांत उजेड टाका. तिथं ते ओळीने बसलेले असतील.