दहा सेंटिमीटरचा हिशेब

शर्यतीची एकेरी कयाक, म्हणजे के-वन, जास्तीत जास्त ५२० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचं वजन १२ किलोपेक्षा कमी नसावं, असं आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम सांगतो. रुंदीबद्दल तो गप्प आहे. पूर्वी तसं नव्हतं. नाव किमान ५१ सेंटिमीटर रुंद हवी, अशी अट होती. बोट घडवणाऱ्यांनी तिच्यातून वाट काढली होती. पाण्यात बुडणारा भाग चिंचोळा ठेवायचा आणि खेळाडूच्या पाठीमागे, पाण्याच्या वर, दोन्ही बाजूंना कोपरे काढून ५१ चा आकडा भरायचा. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकनंतर ही अट गेली आणि ते कोपरेही गेले. आज अव्वल खेळाडूची के-वन साधारण ४० सेंटिमीटर रुंद असते. नवख्यांसाठीच्या नावा ५० सेंटिमीटर आणि त्याहून रुंद मिळतात.

नागपुरात पाण्याची वाण नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, थोडं दूर गेलं तर रामटेकजवळचा खिंडसी आहे. यांपैकी कुठल्याही पाण्यावर ज्याला वेगाने वल्हवायचं आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न या दहा सेंटिमीटरचाच असतो. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक जण गरजेपेक्षा अरुंद नाव निवडतात आणि त्यामुळेच हळू जातात.

अरुंद नाव वेगवान का, ते आधी पाहू. पाणी नावेला दोन तऱ्हांनी अडवतं. एक म्हणजे ओल्या पृष्ठभागाला लागणारं घर्षण आणि दुसरी म्हणजे नाव स्वतःच उठवते त्या लाटा. या दोहोंचा वेगवेगळा हिशेब मांडला तो विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने, १८७० च्या दशकात, टॉर्की गावात बांधलेल्या लांब हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून. लाटांमुळे जहाजाच्या वेगाला त्याच्या लांबीप्रमाणे एक मर्यादा पडते. तो नियम ५.२ मीटरच्या नावेला लावला, तर उत्तर येतं ताशी १० किलोमीटरच्या आसपास. आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या बालिंत कोपासने १००० मीटर ३ मिनिटं २०.६४ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी जवळजवळ १८ किलोमीटरने. हे जमतं, कारण के-वन इतकी सडपातळ असते की ती फारशी लाट उठवतच नाही. उरतं ते मुख्यतः घर्षण. ते कमी करायचं तर ओला पृष्ठभाग कमी हवा, आणि तेवढंच वजन तोलताना सर्वांत कमी ओला होतो तो अर्धगोल तळ.

नेमका हाच आकार सर्वांत अस्थिर. गोल ओंडका पाण्यात कसाही फिरवा, त्याला सरळ होण्याची ओढ नसते. नाव कलल्यावर परत का येते, याचं गणित फ्रान्सच्या पिएर बुगेरने १७४६ मध्ये मांडलं. नाव जराशी कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर बाजूला सरकतो. त्या जोराची रेषा नावेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. नाव आणि माणूस यांचा मिळून गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर नाव सावरते, वर असेल तर उलटते. हा बिंदू नावेच्या बुडालेल्या भागाच्या मध्यापासून किती उंच असेल, ते मुख्यतः रुंदीच्या घनावर ठरतं. रुंदी ४० वरून ५० केली, म्हणजे फक्त सव्वापट, तरी ही उंची जवळजवळ दुप्पट होते.

ढोबळ आकडेमोड करून पाहिली. माणसासकट ९५ किलोच्या के-वनचा मेटासेंटर, नाव ४० सेंटिमीटर रुंद असेल तर, पाण्याच्या वर जेमतेम ७ सेंटिमीटर येतो. ५० सेंटिमीटर रुंदीला तो २० च्या घरात जातो. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पाण्याच्या वर २० ते २५ सेंटिमीटर असतो. म्हणजे रुंद नाव काठावर आहे आणि अरुंद नाव, भौतिकशास्त्राच्या भाषेत, उलटायलाच हवी. ती उलटत नाही, कारण खेळाडूची कंबर आणि वल्हं तिला क्षणोक्षणी सावरत असतात, तळहातावर काठी उभी धरावी तसं. वैनगंगेवर चिंचोळ्या डोंग्यात उभं राहून जाळं फेकणाऱ्या ढीवर मच्छीमारांच्या पायांत हीच विद्या असते. तिथे ती लहानपणापासून मुरलेली असते, हा मात्र मोठा फरक.

शरीराला ही विद्या येईपर्यंत काय होतं, ते सेकंदांत मोजता येतं. घर्षणावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंद नावेला ५ टक्के जास्त विरोध होतो असं धरलं, तरी तेवढ्याच ताकदीत वेग दीडेक टक्क्यानेच घटतो. एक किलोमीटरला पाच मिनिटं घेणाऱ्याचं नुकसान सुमारे पाच सेकंदांचं. आता तोच माणूस डुगडुगत्या नावेत बसवा. तो वल्हं पूर्ण खोल घालत नाही, कमरेतून वळत नाही, पायाने रेटा देत नाही. त्याची ताकद दहा टक्क्यांनी जरी कमी पडली तरी दहा सेकंद जातात. नवशिक्याची ताकद याहून बरीच जास्त वाया जाते.

रुंद नाव म्हणजे कच्च्यांची, हा समज भोपाळच्या पाण्यावर तयार झालेल्या दिव्यांग खेळाडू प्राची यादवने खोटा ठरवला आहे. दिव्यांगांच्या कयाक शर्यतीत किमान ५० सेंटिमीटर रुंदीचं बंधन आजही आहे. पायांचा आधार पुरेसा मिळत नाही, तेव्हा तोल नावेनेच द्यावा लागतो. हांगझोऊच्या २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्ण मिळवलं. भोपाळ नागपूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. शर्यतीच्या नावेत बसलेलं कुणी आपल्या मुलांना पाहायचं असेल तर फार लांब जायला नको.

रुंदीनंतर पाहायचं ते वजन. चांगले कारखाने एकच नमुना खेळाडूच्या वजनाप्रमाणे तीन-चार मापांत काढतात. वजनदार माणूस लहान मापाच्या नावेत बसला तर नाव खोल बुडून पाणी वर चढतं. हलका माणूस मोठ्या नावेत बसला तर वारा तिला ढकलत राहतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर अंबाझरीवर वारा असतोच. आसन दोन सेंटिमीटरनी खाली घेतलं तर गुरुत्वमध्य जवळपास तेवढाच उतरतो. नवी नाव घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहावा. वल्हं मात्र त्यामुळे थोडं तिरपं पडतं, म्हणून तोल येऊ लागला की आसन पुन्हा वर न्यावं.

सुकाणूचा प्रश्न खास इथला. शर्यतीच्या नावेला ते तळाखाली असतं आणि सपाट, स्वच्छ पाण्यात तेच उत्तम. अंबाझरीवर जलपर्णी पसरते तेव्हा त्याच्याभोवती मुळं आणि शेवाळ गुंडाळलं जातं. अशा पाण्यासाठी शेपटीवर बसवलेलं, दोरीने उचलता येणारं सुकाणू घ्यावं.

आणि नाव पारखायची ती खोल पाण्यात. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. एक मीटर खोलीला तो ताशी ११ किलोमीटर भरतो आणि त्या वेगाजवळ नाव पोहोचली की लाटांचा विरोध एकदम चढतो. शिकाऊ खेळाडूचा शर्यतीचा वेग नेमका याच्याच आसपास असतो. एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटलेला असताना काठाने चाचणी घेतली तर उत्तम नावही ओढल्यासारखी जड लागते आणि दोष नावेला दिला जातो. पावसाळ्यानंतर, तलाव भरलेला असताना, मध्यावर जावं. अंगात लाइफ जॅकेट हवं, आणि नावेच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या हव्यात, म्हणजे उलटली तरी ती बुडणार नाही. मग रुंद आणि अरुंद अशा दोन्ही नावांत तेच अंतर पूर्ण जोराने तीनदा कापून वेळ लिहून घ्यावी. अरुंद नावेत पहिली फेरी जलद आणि तिसरी बरीच संथ आली, तर आणखी एक हंगाम रुंद नावेतच काढावा.