मुरगावचा छापा आणि पडद्याबाहेर राहिलेला गोवा

९ मार्च १९४३च्या रात्री मुरगाव बंदराबाहेर एक गाळवाहू बार्ज येऊन थांबली. तिचं नाव ‘फीबी’. कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून आलेल्या या बार्जवर ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतली पोट सुटलेली इंग्रज मंडळी होती. कुणी व्यापारी, कुणी कंपनीतला साहेब. सोबत ‘कलकत्ता स्कॉटिश’मधले चौघे. युद्ध सुरू झाल्यापासून जर्मनीची ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ ही तीन व्यापारी जहाजं आणि इटलीचं ‘अन्फोरा’ पोर्तुगीज गोव्याच्या आश्रयाला येऊन नांगरून पडली होती. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ब्रिटिश आरमाराला तिथं उघड शिरता येत नव्हतं. ‘एरेनफेल्स’वर चोरटं वायरलेस यंत्र असून त्यावरून दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळवला जातो, असा ब्रिटिश गुप्त खात्याचा संशय होता. छापा पडला, ‘एरेनफेल्स’चा कप्तान मारला गेला आणि जहाजं इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून चारही जहाजांवरच्या खलाशांनी स्वतःच ती जाळली, बुडवली. या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन क्रीक’. १९७८मध्ये जेम्स लेझर या लेखकानं ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा ती जगापुढे आली आणि १९८०मध्ये तिच्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा सिनेमा निघाला.

गोव्यातच चित्रित झालेला हा सिनेमा आज पाहताना त्याची गोडी अजिबात कमी होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. साठी ओलांडलेला ग्रेगरी पेक आणि सत्तरीला टेकलेला डेव्हिड निव्हन धापा टाकत शिडी चढतात, तेव्हा हेरपटांत सहसा न दिसणारी गोष्ट दिसते : वय झालेली, थकणारी माणसं. ‘मूनरेकर’ आणि ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या दोन बाँडपटांच्या मधल्या काळात रॉजर मूरनं हे काम केलं, त्यामुळे पणजीच्या जुगारखान्यातही त्याचा कोट बाँडचाच वाटतो. दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन हा धाडसपटांतला मुरलेला माणूस, आणि पटकथा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लिहिणाऱ्या रेजिनाल्ड रोझची. तेव्हा कारागिरीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कॅमेरा सतत ज्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो त्यांच्याबद्दल. गोवा हा कुणाचाच मुलूख नाही, असं गृहीत धरल्याशिवाय ही गोष्ट इतक्या हसतखेळत सांगताच आली नसती.

सिनेमाभर गोवा दिसतो : चर्च, माडांच्या रांगा, मांडवीकाठ, मेजवान्या. पण नावानिशी लक्षात राहील असा गोवेकर मात्र नाही. हमाल आहेत, नोकर आहेत, नाचणारी गर्दी आहे. बंदरातले जर्मन खलाशी रात्री जहाजावर नसावेत म्हणून गावातल्या कुंटणखान्यात त्यांची फुकट सोय केली जाते. लेझरच्या पुस्तकातही हा बेत आहे आणि पडद्यावर तो विनोदाच्या अंगानं येतो. एका परकीय हेरखात्याच्या योजनेत त्या बायकांना न विचारता जुंपलं गेलं. पुढे चौकशीचा ससेमिरा कुणाच्या मागे लागला असता, हा प्रश्न लेखकाला पडला नाही, दिग्दर्शकालाही नाही. ज्या बाईला भरपूर संवाद मिळतात ती मिसेस क्रॉमवेल, म्हणजे बार्बरा केलरमनचं कल्पित पात्र, आणि तीही मोहजाल टाकणारी युरोपियनच.

युद्धाच्या त्या वर्षांचं वजन लक्षात घेतलं तर ही पोकळी आणखी जाणवते. छाप्याच्या सात महिने आधी मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला होता आणि काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. ज्या कलकत्त्याच्या क्लबात या मोहिमेची जुळणी झाली, त्याच शहराच्या फुटपाथवर त्याच वर्षी भुकेनं माणसं मरू लागली. जांभूळ-अंबरनाथकडच्या वाचकाला तर युद्धाची खूण शोधायला गोव्याला जायचीही गरज नाही. शेजारचं उल्हासनगर तेव्हा ‘कल्याण कॅम्प’ नावाची लष्करी छावणी होतं. तिच्या बराकींत पुढे फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली. युद्धानं इथल्या माणसांची आयुष्यं अशी मुळापासून हलवली. सिनेमातलं युद्ध मात्र इंग्रज आणि जर्मन यांनी आपसात खेळलेला सामना आहे. मैदान तेवढं आपलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हा करमणुकीचा सिनेमा आहे, त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा कशाला? खरं आहे, पण ही घटना सत्य आहे ही जाहिरात सिनेमा स्वतःच करतो. पेकनं उभा केलेला लुईस प्यू, मूरचा गॅव्हिन स्ट्यूअर्ट, निव्हनचा बिल ग्राइस ही खऱ्या माणसांची नावं आहेत. शेवटी तर असं सुचवलं जातं की या छाप्यानंतर हिंदी महासागरात जहाजं बुडण्याचं प्रमाण एकदम घसरलं. इथं सावधपणा हवा. त्या वेळी जर्मन पाणबुड्यांचा मोठा वावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या आसपास होता, आणि महिना-दोन महिन्यांनी इंधन-दारूगोळा संपला की त्या परतत. ‘मान्सून’ नावाचा त्यांचा प्रसिद्ध ताफा युरोपातून निघाला तोच १९४३च्या उन्हाळ्यात, म्हणजे मुरगावची जहाजं तळाला गेल्यावर. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडण्याचा प्रकार इतिहासातही घडतो. सत्याची हमी देणाऱ्याला सत्याचे प्रश्न विचारले तर त्यात अन्याय कसला?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. समोर हिटलरची राजवट होती. अशा वेळी तटस्थ बंदराचे नियम कवटाळून बसायचं का? नाही. जहाजावरून खरोखर संदेश जात असतील तर छापा समर्थनीय होता, असं माझंही मत आहे. पण मग तेच माप पुढेही लावायला हवं होतं. इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा करार १३७३चा. त्याच जुन्या मित्राच्या वसाहतीत इंग्रज गुपचूप शिरले, तिथून रॉबर्ट कोख या जर्मन हेराला आणि त्याच्या बायकोला उचलून ब्रिटिश हद्दीत घेऊन गेले, बंदरात माणसं मारली, आणि पस्तीस वर्षं अवाक्षर काढलं नाही. मधल्या काळात, १८ जून १९४६ला, मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. हत्यार न घेता आलेल्या लोहियांना पोर्तुगिजांनी अटक केली. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारतानं लढाई थांबवून माघार घ्यावी असा ठराव मांडणाऱ्यांत अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तानाबरोबर ब्रिटनही होता. ठरावाच्या बाजूनं सात मतं पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. बळाचा वापर गैर, हे त्या दिवशीचं सूत्र होतं. मुरगावची फाइल तेव्हा कपाटात बंद होती. एक रात्रीचा छापा आणि मुलूख ताब्यात घेणं यात फरक आहे हे मान्यच. पण तो फरक गोवेकरांच्या बाजूनं मोजला तर पारडं कुठं झुकतं? १९४३चे पाहुणे जाताना गोवेकरांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याच हवाली करून गेले होते. हे सगळं १९८०मध्ये ठाऊक होतं. ज्या पणजीत कॅमेरे लागले ती मुक्त होऊन जेमतेम अठरा वर्षं झाली होती, आणि त्या मुक्तिलढ्यातली माणसं चित्रीकरण पाहायला जमणाऱ्या गर्दीत उभी राहू शकत होती. तेव्हा ‘आजच्या चष्म्यातून कालचा सिनेमा पाहू नका’ ही सबब इथं चालत नाही. चष्मा त्याच काळात हाताशी होता.

दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारायचाही मोह टाळायला हवा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘सात हिंदुस्तानी’मध्ये (१९६९) गोव्याचा मुक्तिलढा केंद्रस्थानी आहे, हेतू निर्मळ आहे, अमिताभ बच्चनचं पदार्पणही त्यातच झालं. पण तिथंही वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या सहा सत्याग्रहींची राष्ट्रीय एकात्मता हा मुख्य विषय, आणि गोव्याची म्हणून एक मारिया. जलाल आगानं साकारलेला मराठी शाहीर त्या सहांत आहे म्हणून आपल्याला बरं वाटतं, इतकंच. त्याच्या चार वर्षं आधीच्या ‘जोहर-मेहमूद इन गोवा’नं तर हा मुलूख विनोदी सोंगांसाठीच वापरला. टी. बी. कुन्हा यांच्यासारख्या माणसानं पोर्तुगीज राजवटीविरुद्ध आयुष्य वेचलं, तुरुंग भोगला. त्याच्यावर गाजलेला हेरपट तर सोडाच, लोकांना आठवेल असा साधा चरित्रपटही नाही. ‘द सी वुल्व्ज’ पुन्हा पाहावा तो खुशाल मजा घेत पाहावा. फक्त पेक आणि मूर पणजीच्या रस्त्यावरून ऐटीत चालू लागले की त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडेही नजर जाऊ द्यावी, कारण १९४३मध्ये सभा घ्यायचीसुद्धा मुभा त्यांना नव्हती आणि त्या रात्री बंदरात काय घडलं याचा खुलासा त्यांना कुणीच दिला नाही.