पुणतांब्याला उतरताना

श्रीरामपूरला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याची एकदा तरी फजिती व्हायचीच. तिकिटावर नाव बेलापूर, स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, आणि बाहेर पडून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तर सगळीकडे श्रीरामपूर! खरे बेलापूर येथून पाच-सहा किलोमीटरवर प्रवरेच्या काठी आहे. त्यातून आता नव्या मुंबईतही एक बेलापूर झाले असल्यामुळे घोटाळा आणखी वाढला आहे. या स्टेशनाला नाव मिळाले जुन्या गावाचे, पण स्टेशनाभोवती उभे राहिले ते गाव वेगळेच.

माझी आजी मात्र यातले काहीच म्हणत नाही. ती श्रीरामपूरला नुसते 'ठेसन' म्हणते. तिचे माहेर पुणतांब्याचे. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी गाव सोडले आणि ते इथल्या बाजारात हमालीला आले. घाट, देवळे, नदी असलेले गाव सोडून माळावरच्या स्टेशनापाशी माणूस का येतो, हे कोडे मला नेहमी पडे. दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी तेच निवडले आणि एका सकाळी वही घेऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले.

दौंड-मनमाड हा आपला लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. लांबी सुमारे २३५ किलोमीटर, आणि त्यातला फार मोठा भाग आपल्याच जिल्ह्यातून जातो. हा मार्ग का झाला, हे नकाशा उघडून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याणला दुभंगते. एक फाटा थळघाट चढून नाशिक-मनमाडकडे जातो, दुसरा बोरघाट चढून पुणे-दौंड-सोलापूरकडे. आता खानदेशातला माल सोलापूरकडे न्यायचा तर काय करावे? थळघाट उतरून कल्याणला यायचे आणि पुन्हा बोरघाट चढायचा! घाट चढवायचा म्हणजे जादा इंजिने, जादा कोळसा, जादा वेळ. त्यापेक्षा वर पठारावरच दौंड आणि मनमाड एकमेकांना जोडले की दोन्ही घाट टळतात. म्हणजे नगर जिल्ह्याच्या सोयीसाठी ही रेल्वे आली नाही. जिल्हा वाटेत होता, इतकेच. मात्र तिच्या मातीकामावर राबली ती इथलीच माणसे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांना काम द्यायचे म्हणून या मार्गाचा भराव दुष्काळी काम म्हणून घालण्यात आला. निपाणी वडगाव, चितळी ही स्टेशने मागे पडत होती आणि खिडकीतून तो भराव दिसत होता. पाट्या वाहणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. आमच्या घरातलेही कोणी त्यात असेल का, हे आजीलाही सांगता येत नाही.

पुणतांब्याला माझ्याबरोबर चार माणसे उतरली. त्यात एक शेळी धरायची असती तर पाच झाली असती! पाटीवर मात्र ऐटीत 'जंक्शन' असे लिहिलेले. हा मान गावाला २००९ साली मिळाला. त्या वर्षी येथून साईनगर शिर्डीपर्यंत सुमारे १७ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. त्याआधी शिर्डीला जाणारा भक्त बहुधा कोपरगावला उतरत असे. साईबाबा हयात असताना, म्हणजे १९१८ पूर्वी, तर कोपरगाव स्टेशन, तेथून टांगा आणि वाटेत गोदावरी ओलांडणे हाच रिवाज होता. फाटा झाल्यावर पुणतांब्याचे नशीब उघडेल असे पुष्कळांना वाटले. पण गाडीत बसलेल्या भक्ताला शिर्डीपर्यंत थेट जाता येत असेल, तर तो मध्ये कशाला उतरेल? जंक्शन म्हणजे गाड्यांची वळण्याची जागा, माणसांनी थांबण्याची नव्हे, हे येथे उभे राहिले की चटकन लक्षात येते.

स्टेशनावरून गावात गेले आणि गावातून नदीवर. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतो? ती गंगा, आणि तिच्या दोन्ही काठांचा मुलूख तो गंगथडी. पुणतांब्याचा घाट पाहिला आणि वहीत काही लिहायचे सोडून मी पायरीवर बसून राहिले. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, काठाला देवळे आणि खाली शांत पाणी. येथला एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. काशी, गया, सोमनाथ अशी त्यांची बांधकामे भारतभर सांगतात, पण त्यांचा जन्म आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. २०२४ पासून जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे. अहिल्याबाईंनी घाट बांधला त्या काळी पुणतांबे हे माणसांनी मुद्दाम येण्याचे ठिकाण होते, याचा तो पुरावाच म्हणायचा. कारण ज्या काठावर कोणी फिरकत नाही तेथे घाट कोण बांधील?

येण्याचे मुख्य कारण चांगदेव. चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेलेले आणि समोरून चालत आलेली भिंत पाहून गर्व गळालेले ते हेच चांगदेव. त्यांना उद्देशून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्यांची समाधी येथे गंगेकाठी आहे. मंदिरातल्या गारव्यात मी थोडा वेळ थांबले. दर्शनाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कोणाची गं तू?" आजीच्या माहेरचे आडनाव सांगितल्यावर ते म्हणाले, "ते ठेसनावर गेलेले का!" म्हणजे गावाच्या लेखी आम्ही अजून ठेसनावरच गेलेलो होतो, आणि परत यायचे बाकी होतो.

बाबा पूर्वी चांगदेवनगरच्या साखर कारखान्यात होते. "भोंग्यावर गाव उठायचं," ते म्हणाले. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. त्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द अगदी सहज आला, आणि मला वाटते माझ्या कोड्याचे निम्मे उत्तर तेथेच मिळाले.

उरलेले उत्तर श्रीरामपूरचेच आहे. रेल्वे आली १८७८ ला, पण नुसत्या रेल्वेने माळाचे शहर झाले नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाट वाहू लागले आणि कोरड्या जमिनीत ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरला दुसरा. गूळ, साखर, धान्य बाहेर न्यायचे तर वाघिणी हव्यात, वाघिणी स्टेशनात, म्हणून बाजार स्टेशनाशेजारी. बाजार आला की अडते आले, हमाल आले, पुढे कचेऱ्या आल्या आणि आमचे पणजोबाही आले. पाणी, पीक आणि रूळ या तिन्ही गोष्टी एका जागी जुळल्या. पुणतांब्याला नदी होती, रूळ होता, ऊसही होता. पण मोठा बाजार दुसरीकडे भरला, तालुक्याची कचेरी कोपरगावला राहिली, आणि कारखाना टिकला नाही. पुणतांबे आता राहाता तालुक्यात आहे, म्हणजे कचेरी तेथेही आली नाहीच.

आमच्या भूगोलाच्या सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फ्रान्सच्या नकाशावर बोट ठेवले. पॅरिसहून दक्षिणेला जाणाऱ्या मार्गावर योन नदीच्या खोऱ्यात मिजेन नावाचे छोटे गाव आहे. १८४९ मध्ये तेथे रेल्वे पोचली आणि वाफेची इंजिने बदलण्याचे ठाणे झाले. स्टेशनाला नाव मिळाले शेजारच्या लारोश गावाचे, वस्ती वाढली मिजेनमध्ये. अगदी आमच्या बेलापूर-श्रीरामपूरची गंमत! पुढे विजेची इंजिने आली, १९८१ मध्ये अतिवेगवान गाड्या दुसऱ्याच मार्गाने धावू लागल्या, आणि इंजिन बदलण्यावर जगणाऱ्या गावाचे महत्त्व ओसरले. सर म्हणाले, "रेल्वेने वसवलेल्या गावाला हा घोर कायमचा." श्रीरामपूरकरांनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

पुणतांब्याला एक गोष्ट मात्र रेल्वेने दिलेली नाही आणि नेलेलीही नाही. एप्रिल २०१७ मध्ये येथल्या ग्रामसभेत शेतकऱ्यांनी संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून राज्यभर शेतकऱ्यांचा संप झाला. दूध आणि भाजीपाला शहरात पाठवायचा नाही, एवढे साधे हत्यार. ज्या गावात गाडीतून कोणी उतरत नाही, त्या गावाचे नाव आठवडाभर सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होते. बाबांना त्याविषयी विचारले तर ते नुसते हसले आणि म्हणाले, "भाव तोच आहे, लिही."

परतीच्या गाडीला अवकाश होता. आजीने दिलेली पितळेची लोटी मी घाटावर भरून घेतली. फलाटावर बाकावर बसले असताना शिर्डीकडे जाणारी एक लांब गाडी आली. डब्यांतून भजनांचा आवाज येत होता. दारात उभ्या एका बाईंनी मला विचारले, "शिर्डी का?" मी म्हटले, "नाही, पुणतांबे." त्यांनी पाटीकडे पाहिले, मान हलवली, आणि गाडी वळणावर गेली.

घरी पोचल्यावर आजीने आधी लोटी हातात घेतली, मग बोटाने चार थेंब डोळ्यांना लावले. "उतरायला कोण होतं का गं?" तिने विचारले. मी म्हटले, "चौघं होती, आजी. आणि मी."

"मग पाच झाली की," ती म्हणाली आणि लोटी देवापुढे नेऊन ठेवली.