डास आणि माणूस (भाग ७) : डास नव्हे, रुग्ण मोजले

गेल्या आठवड्यात आपण ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट ओनील यांच्या प्रयोगशाळेपाशी थांबलो होतो. फळमाशीच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया नावाचा जिवाणू त्यांना एडीस इजिप्ती डासात घालायचा होता. डेंग्यू पसरवणाऱ्या या डासात तो मुळात नसतो. अतिसूक्ष्म सुईने एकेका अंड्याला टोचत हे काम वर्षानुवर्षं चाललं. मूळ विचार डासाचं आयुष्य घटवण्याचा होता. चावताना पोटात गेलेला विषाणू लाळेपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस घेतो, तेवढ्यात डास मेला की प्रश्न मिटला. पण हाती लागलं ते त्याहून मोलाचं. वोल्बाकिया असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही.

शिवाय हा जिवाणू स्वतःच फैलावतो. तो आईकडून अंड्यात उतरतो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांचा संग झाला, तर अंडी उबतच नाहीत. त्यामुळे पिढीगणिक वोल्बाकियावाल्या माद्यांचं पारडं जड होत जातं. 2011मध्ये केर्न्सजवळच्या यॉर्कीज नॉब आणि गॉर्डनवेल या वस्त्यांत असे डास सोडले आणि काही महिन्यांत तिथल्या बहुतेक डासांत वोल्बाकिया रुजला.

एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ निघाले असते. पण डास बदलले म्हणून माणसांचा ताप कमी झाला का? हे तपासायला दरवर्षी डेंग्यू सोसणारं शहर हवं होतं. ते मिळालं इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्तामध्ये. तिथल्या गाजा मादा विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापक आदि उतारिनी यांनी हे काम अंगावर घेतलं.

त्यांनी शहराचे 24 भाग पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले 12 निवडले. त्या 12 भागांत ठिकठिकाणच्या अंगणांत झाकणाची छोटी प्लास्टिकची बादली ठेवली. आत पाणी, अळ्यांचं खाद्य आणि डासाची अंडी चिकटलेली पट्टी. बाजूच्या भोकांतून डास उडून जायचे. दर दोन आठवड्यांनी बादली नव्याने भरायची. आयुष्यभर डास मारा असंच ऐकलेल्या माणसाला आपल्याच अंगणात डास वाढवू द्या म्हणायचं, हे सोपं नाही. घरात लहान मूल असेल तर आपणही चार प्रश्न विचारलेच असते. म्हणून आधी वस्ती-वस्तीत बैठका झाल्या, शंका ऐकून घेतल्या गेल्या, संमती मिळाली आणि मगच 2017मध्ये बादल्या अंगणांत आल्या. शास्त्रीय निबंधात या कामाला दोन-चार ओळी मिळतात. माझ्या मते निम्मा प्रयोग तोच होता.

मग सुरू झाली मोजणी. शहरातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत ताप घेऊन आलेल्या 3 ते 45 वयाच्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं आणि आधीच्या दिवसांत ते कुठे कुठे होते, याची नोंद झाली. मार्च 2020मध्ये कोविडमुळे ही नोंदणी थांबवावी लागली. त्याच महिन्यात कोविडने उतारिनींच्या पतीचं निधन झालं. ते औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या दुःखातही काम पुढे गेलं आणि 2021मध्ये निष्कर्ष छापून आले. बादल्या नसलेल्या भागांतल्या 3401 रुग्णांपैकी 318 जणांना डेंग्यू निघाला, बादल्यांच्या भागांत 2905 पैकी 67 जणांना. हिशेबाने डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी झाला होता आणि डेंग्यूमुळे रुग्णालयात भरती होणारे 86 टक्क्यांनी.

या आकड्यांचं वजन आपल्याला कळायला हवं. पावसाळ्यात आपल्या गल्लीतून धुराची गाडी जाते, पिंपं पालथी घातली जातात, कोरडा दिवस पाळला जातो. साठलेलं पाणी ओतून देणं शहाणपणाचंच आहे. पण धुराने डेंग्यूचे रुग्ण किती घटतात, याचा योग्यकर्तासारखा भक्कम पुरावा नाही. नगरपालिकांनी किती लिटर औषध फवारलं हे सांगण्याऐवजी किती माणसं आजारातून वाचली हे सांगावं, असा आग्रह नागरिकांनी धरायला हवा.

हेच डास उद्या नागपुरात सोडता येतील का? पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या संशोधन केंद्राने वोल्बाकिया असलेले भारतीय एडीस डास तयार केल्याचं 2022मध्ये जाहीर झालं आहे. अडचण आहे ती उन्हाची. योग्यकर्तात वापरलेला वोल्बाकियाचा प्रकार कडक उष्णतेत क्षीण होतो, आणि डासांच्या अळ्या वाढतात त्या टाक्या-पिंपांतलं पाणी विदर्भाच्या मे महिन्यात किती तापतं, हे वेगळं सांगायला नको. पुदुच्चेरीच्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच उष्णतेला जास्त टिकणारा दुसरा प्रकारही डासांत घातला आहे. त्या दुसऱ्या प्रकाराविषयी पुढच्या आठवड्यात.