विश्लेषण : वेताळ टेकडीतून रस्ता नको, असे पुणेकर का म्हणतात?

कोथरूडहून सेनापती बापट रस्त्यावर जायचे तर पौड फाटा, नळस्टॉप आणि विधी महाविद्यालय रस्ता, हा मार्ग बहुतेकांच्या अंगवळणी पडला आहे. सकाळी दहा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास या अंतराला लागणारा वेळ किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. यावर उपाय म्हणून वेताळ टेकडीच्या उतारावरून रस्ता काढायचा आणि टेकडीच्या पोटातून बोगदे न्यायचे, असे प्रस्ताव पुणे महापालिकेने मांडले. एप्रिल २०२३ मध्ये याच प्रस्तावांविरोधात हजारो नागरिक सेनापती बापट रस्त्यावर उतरले. त्यात रोज या कोंडीत अडकणारेही होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

नेमके प्रस्ताव काय आहेत?

पहिला आणि सर्वाधिक वादाचा म्हणजे बालभारती ते पौड फाटा रस्ता. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, ३० मीटर रुंदीचा आणि अडीचशे कोटींच्या घरात खर्चाचा हा रस्ता विधी महाविद्यालयाच्या मागच्या टेकडीच्या उतारावरून जातो. विरोधानंतर त्याचा काही भाग खांबांवर उन्नत करण्याचे ठरले. याशिवाय पंचवटीतून कोथरूडच्या सुतारदऱ्याकडे आणि पंचवटीतूनच गोखलेनगर-सेनापती बापट रस्त्याकडे असे दोन बोगदे प्रस्तावित झाले. १९८७ च्या विकास आराखड्यातला ‘एचसीएमटीआर’ हा वर्तुळाकार उन्नत मार्गही टेकडीलगत येतो. आंदोलकांचा आक्षेप या सगळ्यांना एकत्रितपणे आहे. एकेक प्रकल्प वेगळा काढून पाहिला तर प्रत्येकाची हानी थोडी वाटते, टेकडी मात्र एकच आहे.

टेकडीला संरक्षण नाही का?

कागदावर आहे. भांबुर्डा वनविहारासारखा भाग वन विभागाकडे आहे. शहराच्या जुन्या हद्दीतील टेकड्यांना डोंगरमाथा-डोंगरउतार विभागाचे बांधकाम निर्बंध लागू होतात, तर समाविष्ट झालेल्या २३ गावांमधील ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. ही आरक्षणे आली ती मुख्यतः बंगले आणि इमारती रोखण्यासाठी. रस्ता मात्र ‘सार्वजनिक हिताचा’ असतो, त्यामुळे तो या कुंपणातून सहज आत शिरतो. आणि एकदा रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीला भाव येतो. पुण्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मुद्दा झाडांचा की पाण्याचा?

चर्चा बहुतेक वेळा झाडे आणि मोरांभोवती फिरते. खरा जड मुद्दा पाण्याचा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही.

पुणे बसले आहे दख्खनच्या बेसाल्टवर. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. या थरांमध्ये काही सच्छिद्र असतात, काही घट्ट पण भेगाळलेले. टेकडीवर पडलेला पाऊस गवताळ माती आणि मुरमातून खाली झिरपतो, सच्छिद्र थरापर्यंत पोहोचतो आणि खालचा घट्ट थर अडवतो तेव्हा आडवा वाहू लागतो. उतारावर जिथे हा थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. जिथे उघडा पडत नाही तिथे तेच पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि सोसायट्यांच्या बोअरवेलना मिळते. नळाला पाणी कमी आले की टँकर मागवायचा की बोअर चालवायची, हे बऱ्याच अंशी या न दिसणाऱ्या साठ्यावर ठरते.

आता हिशेब करू. दोन किलोमीटर लांब आणि ३० मीटर रुंद म्हणजे सहा हेक्टर. पावसाळ्यात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर एवढ्या पट्ट्यावर चार कोटी लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातले सगळे मुरत नाही. दहावा हिस्सा मुरतो असे मानले तरी चाळीस लाख लिटर होतात. शहराच्या गरजेपुढे हा आकडा किरकोळ आहे, असा प्रतिवाद केला जातो आणि तो चुकीचा नाही. पण नुकसान फक्त डांबराखाली गेलेल्या जमिनीचे नसते. उतारावर रस्ता काढायचा तर डोंगर कापावा लागतो. भाकऱ्यांच्या चळतीला कडेने सुरी लावावी तसे हे काम असते, सगळे थर एकदम उघडे पडतात. श्रावणात घाटातून गेलेल्या प्रत्येकाने कापलेल्या कड्यातून झिरपणारे पाणी पाहिले आहे. ते दिसायला छान असते, पण खालच्या विहिरीत जाणारे पाणी तिथून रस्त्याकडेच्या गटारात जात असते. म्हणजे सहा हेक्टरच्या रस्त्याचा परिणाम त्याच्या वरच्या साऱ्या उताराच्या पाण्यावर होतो.

याची दुसरी बाजू पुराची. जे मुरत नाही ते धावते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात घातलेला गोंधळ शहर विसरलेले नाही. याच कात्रजचे पाणी अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी भुयारी नळांनी शहरातील हौदांपर्यंत आणले होते. वेताळ टेकडीच्या गोखलेनगर-जनवाडी बाजूला तर १९६१ च्या पानशेत पुरातील विस्थापितांच्या वसाहती आहेत. पाण्याने एकदा घर नेलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरचा उतार आपण कापणार आहोत का, हा प्रश्न भावनिक वाटेल, पण तो अभियांत्रिकीचाही आहे.

महापालिकेची बाजू काय?

ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विधी महाविद्यालय रस्ता रुंद करायला जागा नाही. रुग्णवाहिका कोंडीत अडकतात, थांबलेल्या गाड्यांचा धूर तिथल्या रहिवाशांच्या घरात जातो. रस्ता आराखड्यात अनेक वर्षांपासून आहे आणि कोथरूडमध्ये तो व्हावा असे मनापासून वाटणारे नागरिकही आहेत. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथेही वाहतुकीची गरज हाच महापालिकेचा मुख्य आधार राहिला.

अडचण पुढची आहे. नवा रस्ता कोंडी सोडवतो की पुढच्या चौकात नेऊन सोडतो? गाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. बालभारतीपाशी बाहेर पडणारी वाहने जाणार सेनापती बापट रस्त्यावर आणि तिथून विद्यापीठ चौकाकडे. त्या चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून पुन्हा नवा बांधावा लागला, एवढे सांगितले तरी पुरे.

मग बोगदे चालतील का?

वरची झाडे वाचतात, म्हणून बोगदा अनेकांना सोयीचा तोडगा वाटतो. पाण्याच्या दृष्टीने तो तितका निरुपद्रवी नाही. भेगाळ खडकातला बोगदा आजूबाजूचे भूजल स्वतःकडे ओढणाऱ्या नाल्यासारखे काम करू शकतो. स्वीडनमधील हालांडसोस रेल्वे बोगद्याचे उदाहरण अभियंत्यांना ठाऊक आहे. १९९२ मध्ये सुरू झालेले पावणेनऊ किलोमीटरचे ते काम भूजलाच्या गळतीने रखडत २०१५ मध्ये संपले. गळती बुजवण्यासाठी वापरलेल्या रसायनाने १९९७ मध्ये परिसरातील पाणीही दूषित केले. पुण्यातील खडक वेगळा आहे, बोगदे लहान आहेत. तरीही आधी मोजा आणि मग खणा, एवढा धडा त्यातून घेता येतो. शिवाय सुतारदऱ्यासारख्या दाट वस्तीत बोगद्याचे तोंड उघडले तर तिथल्या अरुंद गल्ल्या ती वाहने कशी सामावणार?

दुसरा मार्ग आहे?

केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भर वाहने हलवण्याऐवजी माणसे हलवण्यावर आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली, म्हणजे कोथरूडच्या दारात मेट्रो आली. पण नळस्टॉपला उतरून सेनापती बापट रस्त्यावरच्या कार्यालयात जायचे तर भरवशाची, दर काही मिनिटांनी येणारी बस लागते. तशी वर्तुळ बससेवा, विधी महाविद्यालय रस्त्यावरील पार्किंगवर बंदी आणि चालता येतील असे पदपथ, यांचा एकत्रित खर्च टेकडी कापण्याच्या तुलनेत अत्यल्प आहे. हे वर्षभर नेटाने करून पाहावे आणि त्याच काळात, जून ते मे असे पूर्ण जलवर्ष, टेकडीच्या चारही बाजूंच्या विहिरी, बोअरवेल आणि झऱ्यांची पातळी दरमहा नोंदवून जाहीर करावी. रस्त्याची निविदा त्या नोंदी हातात आल्यावर काढता येईल.